‘विविध भारती’, ‘पंचरंगी कार्यक्रम’, ‘हवा महल’... ही नावं देणारा कवी कोण होता?

गॅसवर चहा उकळतोय, डबे भरले जातायत, कुणाची तरी लोकल चुकणार म्हणून घरात आरडाओरडा चाललाय आणि कपाटावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरमधून एक आवाज येतोय, ‘ये विविध भारती है, आकाशवाणी का पंचरंगी कार्यक्रम’.

ज्यांचं बालपण मोबाइलच्या आधीचं आहे, त्यांना हे एक वाक्य वाचूनसुद्धा आपल्या जुन्या घराचा वास येईल. त्या वाक्याच्या मागोमाग मग बाकीची नावंही आठवायला लागतात. ‘हवा महल’, ‘जयमाला’, ‘छायागीत’, ‘भूले बिसरे गीत’. यातली कित्येक नावं पुढे रेडिओच्या बाहेर पडली. ‘छायागीत’ म्हटलं की मुंबईकरांना दूरदर्शनवरचा गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. ‘भूले बिसरे गीत’ हे नाव तर जुन्या गाण्यांच्या कॅसेटला, ऑर्केस्ट्राला, मैफलींना इतक्या वेळा दिलं गेलं की ते मुळात एका रेडिओ कार्यक्रमाचं नाव होतं हेही लोक विसरले.

विविध भारतीचं घर आज बोरीवलीत आहे. बोरीवली पश्चिमेला, गोराईकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आकाशवाणीच्या आवारातून हा आवाज देशभर जातो. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत असेल. पण ‘विविध भारती’ हे नाव आणि ‘पंचरंगी कार्यक्रम’ हे शब्द कुणी दिले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

त्या माणसाचं नाव पंडित नरेंद्र शर्मा.

नाव ओळखीचं वाटत नसेल, तर काही खुणा. लतादीदींनी गायलेलं ‘ज्योति कलश छलके’ त्यांचं. राज कपूरच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं शीर्षकगीत त्यांचं. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चं शीर्षकगीतही त्यांचंच. म्हणजे त्यांचे शब्द जवळपास प्रत्येक घरात पोचलेत, फक्त माणूस पोचलेला नाही.

तुरुंगातून मालाडला

नरेंद्र शर्मांचा जन्म 28 फेब्रुवारी 1913 चा. गाव जहांगीरपूर, उत्तर प्रदेशातल्या खुर्जाजवळ. पुढचं शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात झालं. इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं, पण कविता हिंदीतून लिहिली. त्या काळचं अलाहाबाद म्हणजे हिंदी साहित्याचं माहेरघर. सुमित्रानंदन पंत, महादेवी वर्मा, निराला, बच्चन अशी सगळी मंडळी तिथे वावरत होती. या गर्दीत एका तरुण कवीनं आपली जागा केली. 1939 साली आलेल्या ‘प्रवासी के गीत’ या संग्रहानं त्यांचं नाव हिंदी वाचकांच्या घराघरांत गेलं.

याच काळात ते काँग्रेसच्या कामातही होते. अखिल भारतीय काँग्रेस कमिटीच्या अलाहाबादच्या कार्यालयात हिंदीचं काम ते बघायचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं धरपकड चालू केली. नरेंद्र शर्माही पकडले गेले. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतीच कैद. राजस्थानातल्या देवळीच्या स्थानबद्धता छावणीतही त्यांना ठेवण्यात आलं होतं.

बाहेर आल्यावर पोटापाण्याचा प्रश्न होताच. तेव्हा ‘चित्रलेखा’ कादंबरीचे लेखक भगवतीचरण वर्मा मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी काम करत होते. त्यांनी शर्मांना मुंबईला आणलं. साल होतं 1943.

बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता. हिमांशू रॉय वारले होते आणि कारभार देविका राणी पाहत होत्या. शर्मांनी तिथे ‘हमारी बात’ची गाणी लिहिली, संगीत अनिल विश्वास यांचं. त्यानंतर 1944 साली आला ‘ज्वार भाटा’. त्याचीही गाणी शर्मांचीच. या सिनेमातून युसूफ खान नावाचा एक मुलगा पहिल्यांदा पडद्यावर आला, दिलीपकुमार हे नाव घेऊन.

हे नाव कुणी सुचवलं यावर आजही वाद होतात. कुणी भगवतीचरण वर्मांचं नाव घेतं, कुणी नरेंद्र शर्मांचं. खुद्द दिलीपकुमारांनी आपल्या आत्मचरित्रात श्रेय देविका राणींना दिलंय. त्यामुळे तो निकाल तिथेच लागतो. पण नाव ठेवायचा विषय निघाला की लोक शर्मांकडे बोट दाखवायचे, हे मात्र यातून कळतं.

बाबूजी आणि पंडितजी

मराठी माणसासाठी नरेंद्र शर्मांची सगळ्यात जवळची ओळख म्हणजे सुधीर फडके.

बाबूजींनी हिंदीत थोडं काम केलं, पण त्यातलं बरंचसं गाजलेलं काम शर्मांच्या शब्दांवर आहे. 1951 चा ‘मालती माधव’ घ्या, नंतरचा ‘रत्नघर’ घ्या. आणि 1961 चा ‘भाभी की चूडियाँ’. हा सिनेमा म्हणजे आपल्या ‘वहिनींच्या बांगड्या’चा हिंदी अवतार. य. गो. जोशींच्या कथेवरचा मराठी सिनेमा 1953 साली आला होता, संगीत बाबूजींचंच. हिंदीत मीनाकुमारी वहिनी झाली आणि पहाटेच्या वेळी घरात ऐकू येणारं ‘ज्योति कलश छलके’ जन्माला आलं.

या गाण्याचे शब्द ऐकून बघा. त्यात एकही ‘फिल्मी’ शब्द नाही. सगळी संस्कृत वळणाची हिंदी. तरीही रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ते आवडलं. अवघड वाटणारा शब्द सोप्या जागी असा बसवायचा की ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागू नये, ही शर्मांची खासियत होती.

आकाशवाणीला 1957 साली नेमकी याच गुणाची गरज पडली. का, ते समजण्यासाठी पाच वर्षं मागे जावं लागेल.

एका मराठी मंत्र्यानं फिल्मी गाणी हद्दपार केली तेव्हा...

1952 साली केंद्रात माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्यात जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला, शास्त्रीय संगीताचा जाणकार माणूस. राजे-रजवाडे गेल्यानंतर गवयांना आधार कुणाचा, हा प्रश्न त्यांना सतावत होता. तो आधार आकाशवाणीनं द्यावा असं त्यांना वाटत होतं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात 1952 साली सुरू झाला. लेखक-कवींना आकाशवाणीत ‘निर्माता’ म्हणून घ्यायचं धोरणही त्यांचंच. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत आले ते याच काळात.

पण केसकरांना सिनेमाची गाणी अजिबात आवडायची नाहीत. ती उथळ आहेत, पाश्चात्त्य चालींची नक्कल आहेत, असं त्यांचं मत. त्यांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लावली. त्यात भर म्हणजे गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं. सिनेमाचं नाव घेतलं तर ती जाहिरात होते, हा मुद्दा. निर्माते भडकले. त्यांनी आकाशवाणीला गाणी वाजवायची दिलेली परवानगीच काढून घेतली. बघता बघता सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली.

मग श्रोत्यांनी काय केलं? शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात केली?

नाही. त्यांनी बटण फिरवलं.

समुद्रापलीकडे कोलंबोत महायुद्धाच्या काळातलं एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होतं. त्यावरून रेडिओ सिलोन चालायचं आणि ते भारतभर स्वच्छ ऐकू यायचं. तिथे हिंदी गाणी वाजत होती. 3 डिसेंबर 1952 ला तिथेच ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत घुसला. बुधवारी रात्री लोक रेडिओभोवती गोळा व्हायला लागले.

गंमत बघा. रेडिओ बाळगायचा तर तेव्हा लायसन्स लागायचं. त्याची फी लोक पोस्टात भारत सरकारकडे भरायचे आणि ऐकायचे मात्र सिलोन. गाणी भारतातली, गायक भारतातले, श्रोते भारतातले, टूथपेस्टची जाहिरातही भारतीयांसाठीच. फक्त रेडिओ परदेशी.

ही फजिती आकाशवाणीला फार काळ सोसवणारी नव्हती. पण माघार घ्यायची कशी? काल ज्या गाण्यांना उथळ म्हटलं, तीच आज सरकारी रेडिओवर लावायची तर तोंड कुठे लपवायचं?

मध्यस्थ पाहिजे होता

यातून वाट काढण्यासाठी हलक्याफुलक्या कार्यक्रमांची एक वेगळीच सेवा सुरू करायचं ठरलं. इंग्रजीत तिला म्हणायचे ऑल इंडिया व्हरायटी प्रोग्रॅम. तिची जबाबदारी पंडित नरेंद्र शर्मांकडे देण्यात आली. ते या सेवेचे पहिले प्रमुख निर्माते.

ही निवड नीट समजून घेण्यासारखी आहे. केसकरांना हवा असलेला साहित्यिक दर्जा शर्मांकडे होता. ते नावाजलेले कवी होते, संस्कृत जाणत होते, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आले होते. त्यांच्याकडे उथळ म्हणून बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. दुसऱ्या बाजूला, सिनेमावाल्यांसाठी ते घरचेच होते. बॉम्बे टॉकीजपासून देव आनंदच्या नवकेतनच्या पहिल्या ‘अफसर’पर्यंत त्यांनी गाणी लिहिली होती. अनिल विश्वास, सचिनदेव बर्मन, सुधीर फडके, लता मंगेशकर ही सगळी त्यांची माणसं होती. लतादीदी तर त्यांना वडिलांच्या जागी मानायच्या, पापा म्हणायच्या.

रुसलेल्या दोन्ही घरांत ज्याचं येणंजाणं आहे, असा हा माणूस होता.

शर्मांनी पहिलं काम केलं ते नावाचं. ‘ऑल इंडिया व्हरायटी प्रोग्रॅम’ हे नाव सरकारी फाइलवर ठीक होतं, पण ते स्वयंपाकघरात कोण घेणार? त्यांनी ‘व्हरायटी’चं ‘विविध’ केलं, ‘ऑल इंडिया’चं ‘भारती’ केलं. झालं ‘विविध भारती’. म्हटलं तर सरळ भाषांतर आणि म्हटलं तर एखाद्या मुलीचं नाव वाटावं इतकं गोड.

त्याला जोडून आलं ‘पंचरंगी कार्यक्रम’. हा शब्दही हुशारीनं निवडलेला. गाणी, नाटक, गप्पा, विनोद, लोकसंगीत असं सगळं एकत्र असणार हे एका शब्दात कळतं. मुख्य म्हणजे, इथे फिल्मी गाणी वाजणार आहेत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. फिल्मी गाणं हा पाच रंगांतला एक रंग झाला. केसकरांच्या आकाशवाणीची मानही राहिली आणि श्रोत्याला हवं तेही मिळालं.

3 ऑक्टोबर 1957

या दिवशी विविध भारती सुरू झाली. सुरुवातीला कार्यक्रम दिल्लीत तयार व्हायचे आणि मुंबई व मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून प्रसारित व्हायचे.

उद्घाटनासाठी खास गाणं केलं होतं, ‘नाच रे मयूरा’. शब्द नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डेंचा. आपल्याकडे चार वर्षं आधी ‘देवबाप्पा’ सिनेमात गदिमा, पुलं आणि आशाबाईंनी ‘नाच रे मोरा’ दिलं होतं. ते मुलांचं गाणं, हे एका रेडिओचं मंगलाचरण. मोर मात्र दोन्हीकडे.

थोडक्यात, फिल्मी गाण्यांसाठी उघडलेल्या दारातून पहिलं आत गेलं ते बिगरफिल्मी गाणं. पण ते करणारे तिघंही सिनेमातले. शर्मांनी काय जुळवून आणलं होतं, हे त्या एका गाण्यात दिसतं.

नावांची गंमत

विविध भारतीच्या कार्यक्रमांची अनेक नावं पंडितजींच्याच डोक्यातून आली. ती नुसती वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबून बघा.

‘हवा महल’. यात छोटी नाटकं आणि प्रहसनं असायची. जयपूरचा हवामहल सगळ्यांना माहीत. पण रेडिओ म्हणजे हवेतून येणारा आवाज आणि त्या आवाजातून ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहणारं घर. विटा नाहीत, भिंती नाहीत, तरी महाल आहे. रेडिओ नाटक म्हणजे काय हे समजावणारा इतका छोटा धडा दुसरा नसेल.

‘जयमाला’. हा सीमेवरच्या जवानांसाठी गाण्यांचा कार्यक्रम. जिंकून आलेल्याच्या गळ्यात घालतात ती माळ आणि एकामागोमाग एक ओवलेल्या गाण्यांचीही माळ.

‘छायागीत’. सिनेमा म्हणजे पडद्यावरचा छायेचा खेळ, म्हणून त्यातलं गाणं ते छायागीत. वर रात्रीची वेळ, दिवे मालवलेले, म्हणजे छाया दोन्हीकडून आली. ‘फिल्मी’ हा शब्द न वापरता फिल्मी गाण्याला इतकं अदबीचं नाव मिळालं.

‘बेला के फूल’ हा रात्री उशिराचा कार्यक्रम. बेला हे मोगऱ्याच्या जातीचं फूल, रात्री दरवळणारं. आणि बेला म्हणजे वेळसुद्धा.

यातल्या एकाही नावासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. पण एकही नाव स्वस्त वाटत नाही. म्हणूनच ही नावं रेडिओवर अडकून राहिली नाहीत. ती टीव्हीवर गेली, कॅसेटवर गेली, मंचावर गेली. नाव उचलणाऱ्याला ती कुणा एकाची आहेत असं वाटलंच नाही. ती सगळ्यांचीच वाटली, म्हणींसारखी.

मग जाहिराती आल्या

विविध भारती चालली आणि जोरात चालली. 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे आकाशवाणीवरच्या जाहिरातींचा श्रीगणेशा महाराष्ट्रात झाला. ज्या सरकारी रेडिओला सिनेमाचं नाव घेणंही जाहिरात वाटत होतं, त्याच रेडिओवर पंधरा वर्षांनी साबण आणि पावडरची गाणी घुमायला लागली. काळाचा महिमा, दुसरं काय.

त्याच सुमाराला ट्रान्झिस्टर स्वस्त होत होता. रेडिओ दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आला, पानाच्या टपरीवर गेला, शेताच्या बांधावर गेला. गिरणगावातल्या चाळीत एका घरातलं गाणं दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात असं अख्ख्या मजल्यावर ऐकू यायचं. रस्त्यानं चालत गेलं तरी गाणं तुटायचं नाही, असं जुने लोक अजून सांगतात.

पुढे सेवेचं मुख्यालय मुंबईत आलं आणि आता ते बोरीवलीत आहे. 1989 साली ‘गीतमाला’ही सिलोन सोडून विविध भारतीवर आली. पाच वर्षांच्या फजितीची भरपाई अशी सदतीस वर्षांनी पूर्ण झाली.

ते पाहायला मात्र पंडितजी नव्हते.

शेवटचं काम

आकाशवाणीच्या नोकरीत असतानाही आणि नंतरही पंडितजी लिहीत राहिले. ‘द्रौपदी’, ‘उत्तर जय’ अशी महाभारतावरची काव्यं त्यांनी लिहिली. राज कपूरनं त्यांना 1978 च्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’साठी बोलावलं. त्यातलं ‘यशोमती मैया से’ हे गाणं आज इतकं रुजलंय की अनेकांना ते पारंपरिक भजन वाटतं. ‘प्रेम रोग’मधलं भुंग्या-फुलाचं गाणंही त्यांचंच. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांचं स्वागतगीत त्यांनी लिहिलं, संगीत पंडित रविशंकरांचं. श्रीनिवास खळ्यांनी लतादीदी आणि पंडित भीमसेन जोशी यांना एकत्र आणून ‘राम श्याम गुणगान’ केलं. त्याचे शब्दही नरेंद्र शर्मांचे. संगीतातले तीन दिग्गज आणि त्यांच्यामध्ये एक हिंदी कवी.

मग बी. आर. चोप्रांनी ‘महाभारत’ करायला घेतलं. संवाद राही मासूम रझांचे आणि सल्लागार व गीतकार म्हणून नरेंद्र शर्मा. आयुष्यभर ज्या ग्रंथात बुडालेला होता, तो ग्रंथ घराघरांत पोचवायची संधी त्या माणसाला पंचाहत्तरीत मिळाली. 2 ऑक्टोबर 1988 ला मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले.

आणि 11 फेब्रुवारी 1989 ला मुंबईत पंडित नरेंद्र शर्मांचं निधन झालं. मालिका अर्ध्यावरही पोचलेली नव्हती. त्यानंतरही दर रविवारी तिच्या सुरुवातीला त्यांचेच शब्द ऐकू येत राहिले.

दोन स्टेशनांचं अंतर

कवीचं नाव पुस्तकावर छापलेलं असतं. गीतकाराचं नाव श्रेयनामावलीत येतं, कधी रेडिओवर घेतलंही जातं. पण कार्यक्रमाला नाव देणाऱ्याचं नाव कुठे येणार? त्याचा शब्द रोज लाखो लोकांच्या कानावर पडतो आणि त्याच्या खाली सही नसते. पंडितजींचं झालं ते हेच.

त्यांचं मुंबईतलं आयुष्य सगळं पश्चिम रेल्वेच्या बाजूला गेलं. पहिलं काम मालाडच्या स्टुडिओत मिळालं, घर खारला झालं. बॉम्बे टॉकीजचा तो स्टुडिओ कधीच बंद पडला. पण मालाडहून विरारकडे जाणारी स्लो लोकल पकडली की कांदिवली जातं आणि दुसरं स्टेशन येतं बोरीवली. तिथे अजून स्टुडिओत दिवा लागतो, निवेदक माइकसमोर बसतात आणि कवीनं 1957 साली ठेवलेलं नाव घेऊन देशाला सांगतात की तुम्ही काय ऐकताय.

ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला असेल, पण तेच नाव आता मोबाइलच्या ॲपवरही वाजतं. पुढच्या वेळी ते कानावर पडलं, तर शेजारी बसलेल्याला ते कुणी दिलं तेवढं सांगा.